न खर्चलेल्या पैशाचा जाब कोणाला विचारायचा?

२३ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या विस्तारित इमारतीचं उद्घाटन झालं. अशा समारंभात भाषणं ठरलेली असतात. आभार, गौरव, थोडा इतिहास आणि मग जेवण. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी मात्र केंद्रीय कायदामंत्र्यांसमोरच देशातल्या न्यायालयांची अवस्था आकड्यांत वाचून दाखवली. २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. १६ टक्के संकुलांत पुरुषांसाठीही नाही. पिण्याचं शुद्ध पाणी फक्त ५४ टक्के ठिकाणी, आणि प्रथमोपचारापुरती वैद्यकीय सोय जेमतेम ५ टक्के ठिकाणी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी स्वच्छतागृहांची बातमी ठळक छापली, आणि ते योग्यच झालं. पण त्याच वर्षी आणखी एक आकडा समोर आला होता आणि तो कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. न्यायालयांच्या पायाभूत सोयींसाठीच्या केंद्रीय योजनेत २०१९-२० या वर्षात राज्यांसाठी ९८१.९८ कोटी रुपये मंजूर झाले होते. त्यातले वापरले गेले ८४.९ कोटी, तेही पाच राज्यांनी मिळून. बाकीचा ९१ टक्क्यांहून जास्त पैसा तसाच राहिला.

म्हणजे स्वच्छतागृहं नव्हती तेव्हा पैसा नव्हता असं नाही. पैसा होता, फक्त तो कोणी खर्च केला नाही. त्याबद्दल एखाद्या सचिवाची बदली झाली, एखाद्या मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागलं, असं काही ऐकिवात नाही.

सार्वजनिक पैशाबद्दल आपला सगळा राग खाल्लेल्या पैशावर असतो. निविदेतली टक्केवारी, खोटी बिलं, मेहुण्याच्या नावाची कंपनी असं काही निघालं की चौकशी लागते, विरोधक सभात्याग करतात, चार दिवस वाहिन्यांना खाद्य मिळतं. न खर्चलेला पैसा मात्र कोणाच्याच नावावर लागत नाही. कोणी खाल्ला नाही, म्हणजे कोणी काही गैर केलं नाही, आणि मग विचारायचं तरी कोणाला? रस्ता झाला नाही तर गाव ओरडतं. धरणाचं काम रखडलं तर मोर्चा निघतो. पण एका तालुका न्यायालयात लघुलेखकाची जागा चार वर्षं रिकामी आहे म्हणून मोर्चा निघाल्याचं कोणी पाहिलं आहे? पक्षकाराला एवढंच कळतं की पुढची तारीख पडली. ती का पडली हे त्याचा वकीलही त्याला नीट सांगत नाही, कारण त्यालाही त्याची सवय झालेली असते. न्यायव्यवस्थेवरच्या खर्चाची ही खास अडचण आहे. तो न झाल्याची झळ हजारो लोकांना एकेकट्याने लागते आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपलंच नशीब.

माझं म्हणणं असं, की न्यायासाठी मंजूर झालेला पैसा पडून राहणं ही कर्तव्यातली कसूर मानली पाहिजे आणि तिला एक नाव, एक पद जोडलं गेलं पाहिजे. तरतूद किती केली हे सांगून सरकारचं काम संपत नाही.

पैसा पडून कसा राहतो, हे समजून घेतल्याशिवाय हा जाब विचारता येणार नाही. न्यायालयांच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थानं यांसाठीची केंद्र पुरस्कृत योजना १९९३-९४ पासून चालू आहे. बहुतेक राज्यांसाठी तिचं प्रमाण ६०:४०, म्हणजे केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस. २०२१ ते २०२६ या काळासाठी तिचा आकार ९,००० कोटींचा ठरला, त्यात केंद्राचा वाटा ५,३५७ कोटी. राज्याने आपला हिस्सा घालायचा, काम करायचं, पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, तेव्हा पुढचा हप्ता. कागदावर यात काही चूक दिसत नाही. आता ही फाइल राज्यात कशी फिरते ते पाहा. जिल्हा न्यायाधीशांकडून प्रस्ताव निघतो, उच्च न्यायालयात जातो, तिथून विधी व न्याय विभागाकडे, तिथून वित्त विभागाकडे. जागा महसूल खात्याची, अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाचं. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय हे टप्पे पार होईपर्यंत दर बदललेले असतात, म्हणून सुधारित अंदाजपत्रक. त्याला पुन्हा मान्यता. तोवर फेब्रुवारी उजाडतो, आणि मार्चअखेर खर्च होणार नाही हे सगळ्यांनाच दिसत असल्याने निधी परत केला जातो. पुढच्या वर्षी केंद्र म्हणतं, आधीच्या पैशाचं प्रमाणपत्र कुठे आहे? या साखळीत चोर कोणी नाही, आणि हीच तिची अडचण आहे. प्रत्येक टेबल दाखवून देऊ शकतं की फाइल आपल्याकडे फक्त अकरा दिवस होती.

हे काही नव्याने घडलेलं नाही. केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना किती द्यायचा हे सुचवणाऱ्या वित्त आयोगांचा इतिहास काढला तर पंचवीस वर्षं आपण हाच खेळ वेगवेगळ्या नियमांनी खेळतो आहोत असं दिसतं. अकराव्या वित्त आयोगाने २००० ते २००५ साठी १,७३४ जलदगती न्यायालयांना ५०२.९० कोटी रुपये दिले. मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०११ पर्यंत गेली, मग केंद्राने हात काढून घेतला आणि राज्यांना सांगितलं की आता तुमचं तुम्ही बघा. अनेक ठिकाणी ती न्यायालयं बंद पडली आणि त्यांच्यापुढचे खटले पुन्हा मूळच्या ढिगाऱ्यात जाऊन पडले. तेराव्या आयोगाने न्यायव्यवस्थेसाठी ५,००० कोटी ठेवले. सकाळ-संध्याकाळची न्यायालयं, लोकअदालती, सरकारी वकिलांचं प्रशिक्षण, न्यायालयांचं प्रशासन सांभाळणारे कोर्ट मॅनेजर, जुन्या वारसा इमारतींची डागडुजी, सगळं त्यात होतं आणि मोठा भाग तसाच राहिला. चौदाव्या आयोगापुढे केंद्राने ९,७४९ कोटींचा प्रस्ताव ठेवला. आयोगाने तो उचलून धरला, पण वेगळं अनुदान दिलं नाही. राज्यांचा केंद्रीय करांतला वाटा ३२ वरून ४२ टक्के झाला आहे, त्यातूनच हे करा, असं सांगितलं. वाढीव वाटा राज्यांच्या तिजोरीत आला, इतर पैशांत मिसळला, आणि त्यातला किती न्यायालयांपर्यंत गेला हे शोधायला वाटच उरली नाही.

राज्यांना दिल्लीचा हुकूम नको, मोकळा पैसा हवा, हे म्हणणं मला पटतं. पण पैसा मोकळा घेतला की हिशेबही मोकळा सोडायचा, हे पटत नाही.

महाराष्ट्राबद्दल बोलताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी, की इमारतींच्या बाबतीत गेल्या दोन-तीन वर्षांत हालचाल दिसते. वांद्र्याला उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मुंबईतली सध्याची इमारत १८७८ सालची, म्हणजे हे काम किती आधी व्हायला हवं होतं ते सांगायला नको. चार दशकं वकिलांनी आणि पक्षकारांनी ज्यासाठी आंदोलन केलं ते उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. सावंतवाडीच्या किंवा सांगोल्याच्या माणसाला आता अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही, हे काही थोडं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे त्या मंडणगडात न्यायालयाची नवी इमारत उभी राहिली. हे सगळं चांगलं झालं.

पण इमारतीला कोनशिला असते. तिच्यावर नाव कोरता येतं, फीत कापता येते. लघुलेखकाच्या पगाराला कोनशिला नसते. इमारतीचा खर्च एकदाच होतो, आणि तो झाला की त्याची जाहिरात करता येते. त्या इमारतीत न्यायाधीश, शिरस्तेदार, नाझर, लघुलेखक, लिपिक, बेलीफ बसवायचे तर दर महिन्याला पगार द्यावा लागतो, तो तीस वर्षं द्यावा लागतो, आणि कोणीही त्याचं श्रेय देत नाही. म्हणून नवं न्यायालय मंजूर होतं पण पदनिर्मितीचा प्रस्ताव सचिवांच्या उच्चस्तरीय समितीपुढे अडतो. पदं मंजूर झाली तर भरती अडते. बेलीफ पुरेसे नसले की समन्स बजावलं जात नाही, समन्स बजावलं गेलं नाही की प्रतिवादी हजर होत नाही, आणि दिवाणी दाव्याची पहिली दोन वर्षं यातच जातात. संगमरवरी जिन्याने यात काही फरक पडत नाही.

न्यायाधीशांचंच घ्या. विधी आयोगाने १९८७ मध्ये आपल्या १२० व्या अहवालात सांगितलं की देशात दहा लाख लोकांमागे १०.५ न्यायाधीश आहेत, ते ५० हवेत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना सांगितलं की पाच वर्षांत हे करा. आज मंजूर पदं जमेला धरून आणि २०११ ची लोकसंख्या धरून सरकार जो आकडा देतं तो २१ च्या आसपास आहे. मंजूर पदं म्हणजे कागदावरची पदं. प्रत्यक्ष बसलेले न्यायाधीश त्याहून कमी. ज्या आदेशाची मुदत २००७ मध्ये संपली, त्याच्या निम्म्यापर्यंतही आपण पोचलेलो नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत देशभरात चार कोटींहून अधिक प्रकरणं प्रलंबित आहेत, त्यांतली पन्नास लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात.

आता यात सरकार आणखी एक भर घालतं, आणि ती फुकटात घालतं. नवा कायदा केला की त्यातून किती खटले येतील, ते चालवायला किती न्यायालयं लागतील, याचा हिशेब विधेयकासोबत मांडलाच जात नाही. चेक न वटण्याचा गुन्हा १९८९ पासून लागू झाला. कल्पना साधी होती, की शिक्षेच्या धाकाने लोक चेकचा मान राखतील. झालं असं की बँका आणि वित्त कंपन्यांची वसुली दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांवर येऊन आदळली आणि आजही चेकचे, म्हणजे कलम १३८ चे, खटले हा तिथला मोठा ढीग आहे. या अनुभवानंतर न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांच्या समितीने २००८ मध्ये स्वच्छ सांगितलं होतं, की प्रत्येक विधेयकाच्या वित्तीय निवेदनात न्यायालयांवर पडणाऱ्या बोज्याचा अंदाज द्यावा आणि तेवढी तरतूदही करावी. अहवाल चांगला होता. तो ठेवला गेला तिथेच आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता घ्या. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे असं ती सांगते. राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षं दिली आहेत. तरतूद अगदी योग्य आहे. दिल्लीने कायदा केला, खर्च मात्र प्रामुख्याने राज्यांनी करायचा. महाराष्ट्राने २०२५ च्या जानेवारीत फिरत्या न्यायवैद्यक व्हॅनना हिरवा झेंडा दाखवला. व्हॅन घटनास्थळी जाईल, रक्ताचे डाग उचलेल, मोबाइल जप्त करेल. ते सगळं शेवटी जाणार कुठे? कलिन्याच्या नाहीतर विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत, विश्लेषकाच्या टेबलावर. पोलीस आणि वकील ज्याला आजही ‘सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट’ म्हणतात तो तिथून यायचा असतो. तो आला नाही म्हणून किती प्रकरणांत तारखा पडतात हे कोणत्याही सत्र न्यायालयात एक सकाळ बसलं तरी कळतं. राज्यांची न्याययंत्रणा मोजणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५ च्या अहवालानुसार देशातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांतली जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. व्हॅन दिसते, विश्लेषक दिसत नाही. पुन्हा तीच कोनशिलेची गोष्ट.

याच अहवालाच्या आधीच्या आवृत्त्यांनी राज्यांची जी क्रमवारी लावली, तीत महाराष्ट्र २०१९ आणि २०२० मध्ये पहिला होता. २०२२ मध्ये पहिल्या पाचांतही नव्हता. क्रमवाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, पण पहिलं आल्यावर पाठ थोपटून घेणाऱ्यांनी घसरल्यावरही काही बोलायला हवं होतं.

एका छोट्या योजनेवर मात्र मला थांबायचं आहे, कारण तिच्यात हे सगळं दुखणं स्वच्छ दिसतं. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून तुरुंगातल्या गरीब कैद्यांबद्दल हिंदीत बोलायला सुरुवात केली. जामीन मिळूनही पैसे नाहीत म्हणून आत राहिलेले लोक, त्यांना सोडवायला न येणारी घरची माणसं, वाढत जाणारे तुरुंग, असं त्या बोलल्या. समोर न्यायमूर्ती आणि मंत्री होते. भाषणाचा परिणाम झाला. दोन महिन्यांत अर्थसंकल्पात गरीब कैद्यांना आर्थिक मदत देण्याची घोषणा झाली. जून २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. वर्षाला २० कोटी रुपये. तेव्हाच्या नियमानुसार जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत, दंड भरू न शकणाऱ्या शिक्षा झालेल्या कैद्याला २५ हजारांपर्यंत. दहशतवाद, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग अशा कायद्यांखालचे आरोपी वगळलेले, म्हणजे राजकीय जोखीमही नाही. प्रत्येकाला पूर्ण ४० हजार दिले असते तरी वर्षाला ५,००० माणसं बाहेर आली असती. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे चारांतले तीन. मंजूर जागा ४,३६,२६६. पाच हजार हा आकडा त्यापुढे लहान आहे, पण आत असलेल्या पाच हजारांना तो लहान वाटणार नाही.

झालं काय? २०२५ च्या सुरुवातीला केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं, की वारंवार आठवण करूनही हा पैसा वापरला जात नाही.

योजनेची २०२३ ची मूळ रचना वाचली की कारण कळतं. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. सचिवाने कैद्याच्या आर्थिक स्थितीची चौकशी करायची. मग जिल्ह्याची समिती, जिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश, दर दोन-तीन आठवड्यांनी बसणार आणि प्रकरण मंजूर करणार. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक या दोघांना एका खोलीत, एका वेळी, एका कच्च्या कैद्याच्या पंधरा हजारांसाठी बसवायचं! निवडणूक, पूर, आंदोलन, मंत्र्यांचा दौरा यांतून वेळ उरला तर. पाच सदस्य असल्यामुळे बैठक झाली नाही तर जबाबदार कोणीच नाही. कारागृह अधीक्षकाने यादी पाठवली नाही तर त्याला विचारणारा नाही, कारण यादी न पाठवल्याची नोंदच कुठे होत नाही. आर्थर रोड कारागृहात मंजूर क्षमतेच्या काही पट माणसं राहतात, येरवड्यातही दुपटीहून जास्त. तिथल्या अधिकाऱ्याला नवा कागद म्हणजे नवी कटकट. त्याला दोष देणं सोपं आहे. ज्यांनी पाच जणांची समिती नेमली आणि त्यांतल्या एकाच्याही नावावर काम टाकलं नाही, त्यांना दोष देणं जास्त योग्य.

इथे कोणीतरी म्हणेल, सरकारी यंत्रणा अशीच असते, तिच्याकडून वेग मागू नये. हे मी मान्य करत नाही, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातच आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बायकांच्या खात्यांत पैसे जमा व्हायला लागले होते. अर्ज, पडताळणी, बँक, आधार हे सगळं दोन महिन्यांत, तालुक्या-तालुक्यांत. वर्षाला ४६ हजार कोटींच्या योजनेची यंत्रणा दोन महिन्यांत उभी राहते, आणि २० कोटींची योजना दीड वर्षात हलत नाही. फरक यंत्रणेचा नाही. एकीकडे रोज संध्याकाळी वर कोणीतरी विचारत होतं, ‘आज किती झाले?’ दुसरीकडे विचारणारं कोणी नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांवरून राज्यांना सुनावलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या जमिनीच्या मोबदल्याच्या प्रकरणात आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांच्या वेतन-निवृत्तिवेतनाच्या सुनावणीत, न्यायमूर्ती गवई यांच्या पीठाने असं म्हटलं की वाटायला पैसे असतात, द्यायची वेळ आली की तंगी आठवते. मला या तुलनेचा पहिला अर्धा भाग पटत नाही. पंधराशे रुपये घेणारी बाई आणि पोटगीच्या दाव्यात कुटुंब न्यायालयाच्या बाकावर बसलेली बाई बहुतेक वेळा एकच असते. तिच्या पंधराशेंवर न्यायाधीशांचं निवृत्तिवेतन अडलेलं नाही. अडलं आहे ते यावर, की पंधराशे आले नाहीत तर ती मतदानाला जाताना लक्षात ठेवेल हे सरकारला ठाऊक आहे, आणि तिची पोटगी तीन वर्षं रखडली तर ती सरकारला जबाबदार धरणार नाही हेही ठाऊक आहे. ‘पैसे नाहीत’ हे उत्तर तर घटनेच्या दृष्टीने उत्तरच नाही. बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं होतं, की जलद खटला हा मूलभूत हक्क आहे आणि आर्थिक किंवा प्रशासकीय असमर्थता पुढे करून राज्याला त्यातून सुटता येणार नाही.

पैसा मिळाल्यावरही तो कुठे जातो हा वेगळा प्रश्न. दिल्लीतल्या अत्याचारानंतर २०१३ मध्ये हजार कोटींनी निर्भया निधी सुरू झाला. त्यातून मुंबई पोलिसांनी गस्तीसाठी घेतलेल्या गाड्यांपैकी काही गाड्या सत्ताधारी आमदार-खासदारांच्या ‘वाय प्लस’ सुरक्षेला दिल्याची बातमी २०२२ च्या डिसेंबरात आली, गदारोळ झाला, आणि विरला. याच निधीतून बलात्कार आणि पोक्सोच्या खटल्यांसाठी विशेष जलदगती न्यायालयं चालतात. २०१९ मध्ये १,०२३ न्यायालयं ठरली, एका न्यायालयाला वर्षाला ७५ लाख. २०२४ पर्यंत त्यांतली साडेसातशेच्या आसपास चालू होती. उरलेली का नाहीत, याचं उत्तर पुन्हा राज्याचा हिस्सा, न्यायाधीशांची टंचाई, जागा, असं कुठेतरी विरघळतं.

विधी साहाय्याचं तर विचारूच नका. राज्यघटनेत १९७६ मध्ये ३९-अ हे कलम आलं, १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्यानुसार कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोठडीतला माणूस मोफत वकिलाला पात्र आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा तीन लाखांची. म्हणजे देशातली बहुसंख्य माणसं पात्र. त्यांच्यासाठी खर्च किती? ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या त्याच २०२५ च्या अहवालात तो दरडोई वर्षाला ६ रुपये ४६ पैसे दिला आहे. कटिंग चहाही त्यात येत नाही. दुसरीकडे राज्याने २०१८ मध्ये न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आणला. घेताना फाइल अडत नाही.

यात न्यायालयांची स्वतःची बाजू धुतल्या तांदळासारखी नाही, हेही सांगायला हवं. जिल्हा न्यायव्यवस्थेचं प्रशासन उच्च न्यायालयाच्या हातात आहे. कोणत्या जिल्ह्याला किती पदं, भरती कधी, तेराव्या आयोगाच्या पैशातून नेमलेल्या कोर्ट मॅनेजरना काम काय द्यायचं, हे तिथेच ठरायचं होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्या मॅनेजरना समारंभांच्या व्यवस्थेला लावलं गेलं. न्यायालयं इतरांकडून पारदर्शकता मागतात, पण स्वतःच्या खर्चाची जिल्हावार माहिती सहज देत नाहीत. रमणांनी सुचवलेल्या राष्ट्रीय पायाभूत सुविधा प्राधिकरणाला २०२२ च्या परिषदेत राज्यांनी नकार दिला आणि राज्यस्तरीय यंत्रणा मान्य केली. त्या यंत्रणेचं पुढे काय झालं हे सरकारने सांगायचं तसं न्यायालयांनीही सांगायचं आहे. फक्त ‘आम्हाला पैसे देत नाहीत’ एवढं म्हणून चालणार नाही.

मग करायचं काय? महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात प्रत्येक सेवेला मुदत असते, पदनिर्देशित अधिकारी असतो, दोन अपिलं असतात, वर आयोग असतो, आणि कसूर झाली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांचा दंड. रहिवासाच्या दाखल्याला हे सगळं आहे. मग प्रयोगशाळेच्या अहवालाला का नाही? मनोधैर्य योजनेतल्या पीडितेच्या अर्थसाहाय्याला, गरीब कैद्याच्या जामिनाच्या रकमेला, कच्च्या कैद्याला तारखेला हजर करणाऱ्या पोलिसांच्या कैदी पार्टीला का नाही? यांतलं काहीही न्यायालयीन काम नाही, निखळ सरकारी सेवा आहे, त्यामुळे न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचा बाऊ करायलाही जागा नाही. हा कायदा तिथवर नेणं हे एका अधिसूचनेचं काम आहे. पाच जणांच्या समितीऐवजी एका अधिकाऱ्याचं पदनाम लिहा, एकवीस दिवस लिहा, आणि बघा यादी येते की नाही.

दुसरं काम आमदारांचं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ‘न्यायदान’ या लेखाशीर्षाखाली, २०१४ क्रमांकाच्या, दर वर्षी तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांत परत गेलेला पैसा विभागवार छापलेला असतो. हे गुपित नाही, फक्त कोणी उघडून बघत नाही. लोकलेखा समितीपुढे विधी व न्याय विभागाच्या सचिवांना आणि वित्त सचिवांना एकाच दिवशी बोलावता येतं, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला तो खोलीतच असतो. नागपूरच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकता येतो. माझ्या मतदारसंघातल्या न्यायालयांत मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत किती निधी आला, किती परत गेला, आणि तो परत पाठवण्याच्या कागदावर सही कोणाची होती. शेवटचा भाग गाळू नये. उत्तर बहुधा ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ असं येईल. तेव्हा मार्चच्या अधिवेशनात तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा टाकावा.